सेटअप सॉफ्टवेअर सी ड्राइव्ह सोडून डी मध्ये का टाकतो?

मोबाईलवर ॲप टाकताना आपण फक्त 'इन्स्टॉल' दाबतो. ते फोनच्या मेमरीत जावं की एसडी कार्डावर, हे बनवणाऱ्याला मॅनिफेस्ट फाईलमध्ये लिहिता येतं. त्याने काहीच लिहिलं नाही, तर अँड्रॉइड ते फोनच्याच मेमरीत ठेवतो. विंडोजमध्ये मात्र बनवणारा गप्प बसला तर भलतंच होऊ शकतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला हे कळलं.

एका दुकानासाठी मी बिलिंग सॉफ्टवेअरचं एमएसआय पॅकेज बनवलं होतं. एमएसआय म्हणजे विंडोज इन्स्टॉलरची सेटअप फाईल. माझ्या लॅपटॉपवर एकच सी ड्राइव्ह, त्यामुळे टेस्टिंगमध्ये सगळं ओके. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ते डी ड्राइव्हवर जाऊन बसलं, पण चालत होतं म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. काही महिन्यांनी नवीन व्हर्जन दिलं आणि मालकांचा फोन आला, "अहो, जुनी बिलं कुठे गेली?"

बिलं कुठेच गेली नव्हती. मधल्या काळात डी भरला होता, म्हणून नवीन व्हर्जन सी वर गेलं. बिलांची फाईल मी प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवली होती (ही माझी दुसरी चूक), ती डी वरच राहिली. अनइन्स्टॉल करताना इन्स्टॉलर स्वतः टाकलेल्या फाईल्सच काढतो, म्हणून ती वाचली. पण तो अर्धा तास मी विसरणार नाही.

कारण असं, की एमएसआयमध्ये 'रूटड्राइव्ह' नावाची एक प्रॉपर्टी असते. ती आपण दिली नाही, तर साध्या इन्स्टॉलेशनमध्ये विंडोज स्वतःच लिहिता येण्याजोग्या लोकल ड्राइव्हपैकी सगळ्यात जास्त जागा मोकळी असलेला ड्राइव्ह त्यात भरतं. 'टार्गेटडिर' म्हणजे मुख्य फोल्डर. तोही दिला नसेल तर तो रूटड्राइव्हवरून ठरतो. मी माझं फोल्डर थेट टार्गेटडिरच्या खाली ठेवलं होतं. शिवाय मोठ्या अपग्रेडमध्ये हा हिशोब नव्याने होतो. आधी कुठे टाकलं होतं, हे इन्स्टॉलर आपणहून लक्षात ठेवत नाही.

उपाय सोपा आहे. आपलं फोल्डर विंडोजच्या ठरलेल्या 'प्रोग्राम फाईल्स' फोल्डरच्या खाली ठेवा. मग कुठल्या ड्राइव्हवर किती जागा आहे याने काही फरक पडत नाही. इथे बरेच जण गोंधळतात: कमांडमध्ये रूटड्राइव्हला डी दिला तरी सॉफ्टवेअर सी वरच जातं. ते बरोबरच आहे, कारण प्रोग्राम फाईल्सचा पत्ता विंडोजकडून येतो, रूटड्राइव्हवरून नाही. रूटड्राइव्ह वापरायचाच असेल तर किंमत ड्राइव्हचं अक्षर, कोलन आणि शेवटी बॅकस्लॅश अशी द्या. तो बॅकस्लॅश हमखास राहतो.

प्रोग्राम फाईल्समध्ये साध्या युजरला लिहिता येत नाही, हा फायदाच आहे. डी च्या मुळाशी बनलेल्या फोल्डरमध्ये सहसा कॉम्प्युटरवर लॉगिन असलेला कुणीही फाईल बदलू शकतो, म्हणजे तुमची एक्झी फाईलसुद्धा. बिलांसारखा डेटा 'प्रोग्राम डेटा' फोल्डरमध्ये ठेवा.

युजरला ड्राइव्ह निवडू द्यायचा असेल, तर त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीचं नाव पूर्ण कॅपिटल अक्षरांत ठेवा, नाहीतर स्क्रीनवर निवडलेला पत्ता प्रत्यक्ष इन्स्टॉलपर्यंत पोचत नाही. तो पत्ता रजिस्ट्रीत लिहून ठेवा आणि अपग्रेडच्या वेळी तिथूनच वाचा. इनो सेटअप जुनं फोल्डर आपोआप लक्षात ठेवतो. एनएसआयएसमध्ये रजिस्ट्रीतून वाचायची ओळ आपल्याला लिहावी लागते.

टेस्टिंगसाठी आता मी एक व्हर्च्युअल मशीन ठेवलंय, ज्यात डी मुद्दाम सी पेक्षा मोठा आहे. सेटअप लॉगसकट चालवतो आणि लॉगमध्ये 'रूटड्राइव्ह' शोधतो. कुठला ड्राइव्ह निवडला ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.