यंत्राचे प्रदर्शन, चित्राचे प्रदर्शन

मराठीत ‘प्रदर्शन’ हा एकच शब्द दोन निराळ्या व्यवहारांसाठी वापरला जातो: चित्रपटगृहात नवा चित्रपट लागतो तेव्हा तो ‘प्रदर्शित’ होतो, आणि एखाद्या मोठ्या सभागृहात कॅमेरे, भिंगे, दिवे व ध्वनिमुद्रणाची साधने मांडून ती व्यावसायिकांना हाताळू दिली जातात, त्यालाही ‘प्रदर्शन’च म्हटले जाते. वरवर पाहता ही शब्दांची टंचाई वाटते. पण चित्रपटाचा जन्मवृत्तान्त पाहिला तर हे दोन्ही व्यवहार एकाच घरातले असून यंत्राचे प्रदर्शन हे त्यांतले थोरले भावंड आहे, असे दिसून येते.

ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये 28 डिसेंबर 1895 रोजी तिकीट लावून केलेला खेळ ही चित्रपटाची जन्मतारीख मानली जाते, परंतु त्याआधी 22 मार्च 1895 रोजी त्यांचे यंत्र उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या पॅरिसमधील एका संस्थेच्या सभासदांपुढे चालवून दाखवण्यात आले होते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये लिआँ येथे छायाचित्रकारांचे अधिवेशन भरले असता बोटीतून उतरणाऱ्या प्रतिनिधींचेच चित्रण करून अधिवेशन संपण्यापूर्वी ते त्यांना पडद्यावर दाखवले गेले. म्हणजे चित्रपटाचा पहिला प्रेक्षक हा करमणुकीसाठी आलेला रसिक नव्हता, तर त्याच धंद्यातला, यंत्राच्या आत काय आहे याचे कुतूहल असलेला माणूस होता. पडद्यावर काय हलते यापेक्षा ते कशाने हलते, हा त्याचा प्रश्न असणार. व्यावसायिक प्रदर्शनात आजही तोच प्रश्न विचारला जातो.

कलाकुसर आणि यंत्रे एका मांडवाखाली आणण्याची ही रीत 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनापासून जगभर पसरली आणि विदर्भातही ती फार उशिरा आली नाही. 1861 मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात डिसेंबर 1865 मध्ये कला, कारागिरी व शेतमालाचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्याच दशकात तेथे सुरू झालेल्या वस्तुसंग्रहालयाला लोकांनी ‘अजबबंगला’ हे नाव दिले आणि तेच टिकले, कारण सामान्य माणसाच्या लेखी मांडून ठेवलेली वस्तू ही आधी अजब असते आणि उपयोगाची मागाहून ठरते. त्या वेळी याच प्रांतात असलेल्या भंडारा जिल्ह्याला मात्र अशा मेळाव्याचा एक घरचा नमुना माहीत होता. साकोली तालुक्यातील एकोडीच्या पंचक्रोशीत, आणि एकूणच झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या वनबहुल व धानउत्पादक पट्ट्यात, दिवाळीनंतर गावोगाव ‘मंडई’ भरते. अन्यत्र हा शब्द भाजीबाजारासाठी वापरला जात असला तरी येथे त्याचा अर्थ वार्षिक जत्रा असा आहे: दिवसा दुकाने, पाहुणेरावळे आणि खरेदी, तर रात्री दंडार, खडी गंमत किंवा वडशाच्या मंडळींचे पहाटेपर्यंत चालणारे नाटक. दिवसा व्यापार आणि रात्री खेळ हीच मांडणी जगातल्या अनेक चित्रपट-तंत्र प्रदर्शनांनी पुढे स्वीकारली. ती त्यांनी मंडईवरून उचललेली नाही हे उघड आहे, पण मंडईत वाढलेल्या माणसाला ती परकी वाटू नये.

मुंबईत 7 जुलै 1896 रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएरांच्या चित्रफितींचा खेळ झाला तेव्हाही जाहिरात होती ती यंत्राच्या चमत्काराची. कथा, नट किंवा दिग्दर्शक यांचा प्रश्नच नव्हता. या नव्या करामतीने भारावलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या छायाचित्रकाराने इंग्लंडमधील रायली कंपनीकडून 21 गिनींना कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डन येथील कुस्तीचे चित्रण करून ती फीत धुण्यासाठी लंडनला पाठवली. शिकवणारा कोणी नव्हता आणि आपण टिपले ते उमटले की नाही, हे कळायला बोटीची वाट पाहावी लागत होती. पुढे कार्यशाळा नावाची जी गोष्ट निर्माण झाली, तिची गरज या एका व्यवहारात पुरेपूर दिसते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचे चरित्र तर प्रदर्शन आणि प्रात्यक्षिक यांच्याच वाटेने जाते. 1892 मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. 1911 मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिल्यावर त्यांनी छोटा कॅमेरा व फिती आणून घरीच खटपट सुरू केली आणि डोळ्यांवर ताण येऊन दृष्टी जाण्याची वेळ आली तरी ती सोडली नाही. फेब्रुवारी 1912 मध्ये ते लंडनला गेले ते कोणत्याही विद्यालयात नाव घालण्यासाठी नव्हे. ‘बायोस्कोप’ या धंदेवाईक साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना ते भेटले आणि त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ या निर्मात्याचा स्टुडिओ त्यांनी आतून पाहिला. या भेटीला आजच्या भाषेत नाव द्यायचे तर ती एका माणसासाठी भरलेली कार्यशाळा होती. विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन आणि कच्ची फीत व फितीच्या कडेला छिद्रे पाडणारे यंत्र यांची मागणी नोंदवून ते 1 एप्रिल 1912 रोजी परतले.

तथापि यंत्र हाती येऊनही भांडवल येत नव्हते, आणि येथे फाळक्यांनी जे केले ते व्यापारी प्रात्यक्षिकाचे उत्तम उदाहरण ठरते. कुंडीत वाटाणा पेरून, कॅमेरा न हलवता, ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत त्यांनी महिन्याहून अधिक काळाची वाढ सुमारे एका मिनिटात आणली. कोंब मातीतून डोके काढतो, पाने फुटतात आणि वेल डोळ्यांदेखत वर चढतो, असे ते चित्र निवडक मंडळींना दाखवण्यात आले. त्यांपैकी यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज देऊ केले. या फितीत कथा नव्हती. यंत्र काय करू शकते एवढेच तीत होते, आणि ज्याच्या खिशात हात घालायचा त्याला नेमके तेवढेच पाहायचे होते. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी प्रदर्शित झाला. पुढे 1917 मध्ये फाळक्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट काढून प्रेक्षकाला पडद्यामागे नेले. या उद्योगाला माणसे हवीत तर कसब उघड करून दाखवावे लागेल, ही त्यांची जाण त्या काळाच्या मानाने असाधारण म्हटली पाहिजे.

कोल्हापुरात यापेक्षा वेगळे घडले. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी जुने यंत्र मिळवून, खोलून, त्याच्या चालीचा अभ्यास केला, आणि 1916 मध्ये आनंदराव निवर्तल्यावर बाबूरावांनी आपले सहकारी दामले यांच्या साहाय्याने स्वदेशी कॅमेरा तयार केला. 1920 चा ‘सैरंध्री’ हा त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट. त्यांची कार्यशाळा ही शब्दशः कार्यशाळा होती, म्हणजे जेथे धातू कापला व कातला जातो अशी जागा. इंग्रजीतील ‘वर्कशॉप’ या शब्दाचाही मूळ अर्थ कारागिराची खोली असाच आहे; एकत्र जमून, हाताने करून शिकण्याचा मेळावा हा अर्थ त्याला विसाव्या शतकात चिकटला आणि ‘कार्यशाळा’ या प्रतिशब्दाबरोबर तो मराठीत आला. त्यापूर्वी मराठीत असे काम ‘शिबिर’ या मूळच्या लष्करी छावणीच्या शब्दावर भागवले जात असे आणि खेड्यापाड्यांत ते आजही भागते.

चित्रपटाच्या बाबतीत मात्र हा नवा अर्थ दीर्घकाळ अंगी लागला नाही आणि त्याचे कारण हिशेबी होते. 35 मिलिमीटरची फीत सेकंदाला 24 चित्रांच्या वेगाने मिनिटाला 90 फूट धावते, त्यामुळे 400 फुटांचे रीळ साडेचार मिनिटांच्या आत संपते. ते धुवावे लागते, त्याची प्रत काढावी लागते आणि चुकले तर सारे वाया जाते. अशा माध्यमात वीस नवख्यांना आळीपाळीने कॅमेरा चालवू देणे कोणालाच परवडणारे नव्हते. म्हणूनच पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर 1960 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी चित्रपट संस्थेसारख्या एखाद्या ठिकाणीच हे शिक्षण एकवटले, आणि बाकीच्यांनी उमेदवारी करून, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली सामान उचलत उचलत, ते मिळवले. डिजिटल कॅमेऱ्यात फितीच्या जागी संवेदक असतो. भिंगातून आलेल्या प्रकाशाचे तो विद्युतभारात रूपांतर करतो, त्या भाराचे आकडे होतात आणि ते कार्डावर साठवले जातात. कार्ड पुसून पुन्हा वापरता येते. चूक स्वस्त झाली आणि दोन दिवसांची कार्यशाळा प्रथमच शक्य झाली.

धंद्याच्या मेळाव्यांना दुसरे एक कारण होते, ते प्रमाणीकरणाचे. एकाच्या फितीची छिद्रे दुसऱ्याच्या यंत्राच्या दात्यांत बसली नाहीत तर व्यापारच थांबतो, म्हणून अमेरिकेत 1916 मध्ये चलच्चित्र अभियंत्यांची संस्था निघाली आणि डिजिटल चित्रगृहांसाठीचा तांत्रिक मसुदा 2005 मध्ये त्याच गरजेतून आला. 1923 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी नभोवाणी-संघटनेचे अधिवेशन पुढे लास वेगास येथील ‘नॅब’ या प्रचंड प्रदर्शनात परिणत झाले. तेथे 2006 मध्ये ‘रेड’ कंपनीने आपला नियोजित डिजिटल कॅमेरा काचेच्या पेटीत ठेवला. तो अद्याप चित्रण करू शकत नव्हता, तरी हजार डॉलर अनामत भरून लोकांनी नाव नोंदवले. अजबबंगल्याचे तत्त्व इतके निखळ क्वचितच पाहायला मिळते. मुंबईत उपग्रह वाहिन्यांच्या आगमनाबरोबर 1990 च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेले ‘ब्रॉडकास्ट इंडिया’ हे या घराण्याचे मराठी मुलखातील प्रमुख ठिकाण होय.

अशा प्रदर्शनातील कॅमेऱ्याच्या स्टॉलवर बहुधा एक छोटा देखावा मांडलेला असतो: परडीत फळे, रंगीत दोऱ्यांची रिळे, एखादे चकाकणारे भांडे आणि मागे जाणूनबुजून ठेवलेला काळोखाचा कोपरा. फळे रंगासाठी, दोरे बारकाव्यासाठी, भांडे लखलखाट झेपतो का हे पाहण्यासाठी आणि काळोख त्यात किती ‘दाणा’, म्हणजे किरकिरीत ठिपके, उठतात हे तपासण्यासाठी असतो. जाणता माणूस परडीकडे न पाहता थेट त्या कोपऱ्याकडे कॅमेरा वळवतो, आणि त्यावरून विक्रेताही गिऱ्हाईक ओळखतो.

भंडारा जिल्ह्यात हे तंत्र चित्रपटाच्या नव्हे, तर लग्नाच्या मांडवातून आले. तेथे चित्रणकाराला ‘शूटिंगवाला’ म्हणतात, आणि कॅसेटच्या काळात संकलन, गाणी व चमत्कृती जोडण्याच्या कामाला सर्वत्र ‘मिक्सिंग’ हे नाव पडले, ते कॅसेट गेली तरी राहिले. 2008 मध्ये कॅननचा पाच-डी मार्क दोन हा छायाचित्राचा कॅमेरा पूर्ण दर्जाचे चलच्चित्रण करू लागला आणि मागील दृश्य विरघळवून चेहरा उठावदार करणारी ‘सिनेमासारखी’ प्रतिमा लग्नाच्या अल्बमवाल्याच्या आवाक्यात आली. ते वापरायचे कसे हे शिकवण्यासाठी कॅमेरा कंपन्या व विक्रेते लहान शहरांतून कार्यशाळा घेऊ लागले, ज्यांत शिकवणे आणि विकणे यांची सीमारेषा सहसा आखलेली नसते. फाळक्यांच्या वाटाण्याच्या वेलातही ती आखलेली नव्हती. पुण्याच्या चित्रपट संस्थेने 2017 मध्ये ‘स्किफ्ट’ या नावाने देशभर अल्पमुदतीचे वर्ग सुरू केले आणि त्यांत मोबाईलवर चित्रपट करण्याचाही वर्ग होता.

मोबाईलने या कुळात एक उलटापालट केली आहे. शिकणारा यंत्र आधीच खिशात घेऊन येतो, त्यामुळे अजब वाटावे असे काही मांडण्याची सोय उरत नाही, आणि मंडईतल्या रात्रीच्या नाटकाचे चित्रण पुढच्या रांगेतले कित्येक प्रेक्षक एकाच वेळी करत असतात. अशांच्या कार्यशाळेत जाहिरातीतली विशेषणे आणि आकडे बाजूला राहतात. शिकवणाऱ्याला सुरुवात करावी लागते ती फोन आडवा धरा, कोपरे बरगड्यांना टेकवा आणि श्वास सोडून मगच बटण दाबा, येथपासून.