दुखणे आले कोठून?

दिवाळीची रात्र ही अमावास्येची रात्र. चंद्र असा झिजत झिजत नाहीसा का होतो, याची एक कथा आपल्या जुन्या ग्रंथांत आहे. दक्षाने आपल्या सत्तावीस कन्या चंद्राला दिल्या. पण तो रमला एकट्या रोहिणीपाशी. उरलेल्या जणींनी बापाकडे गाऱ्हाणे नेले आणि दक्षाच्या कोपाने जावयाला क्षय जडला. पुढे प्रभासक्षेत्री स्नान केल्यावर त्याला अर्धी सुटका मिळाली. म्हणून तो पंधरवडाभर झिजतो आणि पंधरवडाभर भरतो. राजा सोमाला झालेला रोग तो राजयक्ष्मा. कथा गोड खरी, पण तिने एक समजूत आपल्या मनात पक्की रुजवून ठेवली. क्षय होतो तो ज्याच्या त्याच्या पापाने!

आमचे नरडाणे वाटेवरचे गाव. मुंबई-आग्रा रस्ता एकीकडून, सुरत-भुसावळ रेल्वे दुसरीकडून. येणाऱ्याजाणाऱ्याला तोटा नाही. कोणाच्या घरात हे दुखणे निघाले की ओट्यावरची म्हातारी पहिला प्रश्न टाकते, "हाई दुखनं कथाईन उनं?" शिकलेली माणसे या प्रश्नाला हसतात. मला तो हसण्यासारखा वाटत नाही. जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर त्यांना पुष्कळदा सापडले ते शाळेत. म्हणून आम्हा मास्तर मंडळींना तो इतिहास ठाऊक असावा.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखविला. पापाचा हिशेब तेथे संपायला हवा होता. पण जंतू दिसला तरी तो कोणाच्या अंगात शिरला आहे हे वरून कळायचे कसे? ते कळू लागले १९०७ साली. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ पिर्के यांनी मुलांच्या कातडीवर बारीक ओरखडा काढून त्यावर ट्युबरक्युलिन नावाचे द्रव्य लावले. ज्याच्या शरीरात जंतू शिरलेला, त्याच्या कातडीवर गाठ उठली. पुढच्याच वर्षी फ्रान्सचे मांतू यांनी ते द्रव्य सुईने कातडीत सोडण्याची रीत बसविली. सुई टोचायची आणि दोन-तीन दिवसांनी गाठ मोजायची. ही रीत अजून चालू आहे. या परीक्षेने एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. व्हिएन्नातल्या गरीब वस्तीतील बहुतेक पोरांच्या अंगात शाळा संपेपर्यंत जंतू शिरलेला असे. पण त्यांतली फार थोडी आजारी पडत. जंतू शिरणे निराळे आणि रोग होणे निराळे. साधारणपणे दहांत नऊ जणांच्या अंगात तो जन्मभर निजून राहतो.

आम्हा कादंबरीकारांना मात्र हा हिशेब कधी मानवला नाही. आम्हाला हवी असते रुमालात रक्त लपविणारी नायिका. तिला तो रोग कोणी दिला हे कोणताही लेखक विचारत नाही. असो.

आता कोपनहेगनला चला. साल १९४३. डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात. विमानहल्ल्याच्या भीतीने गावभर काळोख पाळलेला. तेथल्या मुलींच्या एका सरकारी शाळेत काही वर्ग तळघरातल्या आसऱ्यात भरत. उजेड नाही, वारा नाही, दारे-खिडक्या बंद. त्या वर्गांवर शिकविणाऱ्यांपैकी एका व्यक्तीला फुप्फुसाचा क्षय होता आणि तो कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. काही महिन्यांत मुली आजारी पडू लागल्या.

एवढेच असते तर ती युद्धकाळातील एक दुःखद बातमी होऊन विसरली गेली असती. पण डेन लोक टिपणे ठेवण्यात चोख. कोणत्या मुलीची परीक्षा केव्हा झाली, गाठ उठली की नाही, लस टोचली की नाही, हे सारे साथ येण्यापूर्वीच लिहून ठेवलेले होते. ह्यूगे नावाच्या डॉक्टरांनी ती टिपणे उघडली. ज्यांच्या अंगात पूर्वी जंतू नव्हता आणि ज्यांना लसही टोचलेली नव्हती, अशा ९४ मुली त्या हवेत बसल्या होत्या. त्यांतल्या ७० जणींच्या अंगात जंतू शिरला आणि ४१ जणींना प्रत्यक्ष रोग झाला. दहांत एकीला नव्हे, निम्म्याहून अधिक जणींना! ज्यांना पूर्वी बी.सी.जी.ची लस टोचलेली होती अशा शंभरावर मुली होत्या. त्यांच्यात आजारी पडलेल्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या.

हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ पुढचे पान उलटले नाही. पोरी एकमेकींच्या डब्यातले खात होत्या, एका बाकावर बसत होत्या, एकीची पेन्सिल दुसरी चावत होती. पण रोग आला होता टेबलाकडून. लहान मूल सहसा क्षय पसरवीत नाही, कारण त्याच्या खोकल्यातून फारसे जंतू बाहेर पडत नाहीत. त्याच्या अंगातला जंतू हा बहुधा कोण्या मोठ्या माणसाचा निरोप असतो. तरीही आजवर बाक बदलून मिळाला आहे तो पोराचाच.

कोपनहेगनच्या त्या लशीची लाट पुढे आपल्या देशात आली. १९४८ साली आंध्रातल्या मदनपल्ली येथे टोचणीला आरंभ झाला, मद्रासजवळ गिंडी येथे लस तयार होऊ लागली आणि १९५१ पासून देशभर मोहीम निघाली. शाळाशाळांतून पोरांची रांग लागली. पहिल्या दिवशी सुई, तीन दिवसांनी गाठ मोजणे, गाठ नसेल तर लस. राजाजींनी १९५५ मध्ये या टोचणीला कडकडून विरोध केला, तो पुष्कळांना विचित्र वाटला. पुढे चिंगलपेट जिल्ह्यात १९६८ पासून मोठी चाचणी झाली आणि १९७९ साली निष्कर्ष आला की मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयाला ही लस तेथे आवरू शकली नाही. तान्ह्या मुलांना मेंदूच्या क्षयापासून ती वाचविते, म्हणून जन्मल्याबरोबर टोचतात, आणि ते योग्यच. पण लस टोचली म्हणून शोध थांबवता येत नाही, एवढे मात्र कळले.

लहान मुले सहसा रोग देत नाहीत, असे वर म्हटले. वाढत्या वयाच्या मुलांना ते लागू नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर गावी २००१ साली एका मोठ्या शाळेत साथ निघाली. त्या गावात आपल्या शेजारच्या गुजराती मंडळींची वस्ती दाट. तेथे उगम होता एक विद्यार्थीच. अनेक महिने त्याचा खोकला चालू होता आणि निदान झाले नव्हते. हजाराच्या वर मुले तपासली. सत्तरच्या आसपास मुलांना रोग आणि अडीचशेंच्या आसपास मुलांच्या अंगात निजलेला जंतू सापडला. तपास करणाऱ्यांनी वेळापत्रके पुढ्यात घेतली: कोण त्याच्याबरोबर किती तास एका खोलीत बसले? जितके तास अधिक, तितका धोका अधिक.

मग अशा मुलाला शाळेतून काढावे काय? याचे उत्तर मद्रासने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. मिरजेला आणि पांचगणीला आरोग्यधामे होती. ऐपत असेल तो तेथे जाई. (पांचगणीची गंमत अशी की जी हवा दाखवून तेथे क्षयाच्या रोग्यांना बोलावीत, तीच हवा दाखवून निवासी शाळांसाठी पोरेही बोलावीत!) ज्याला ऐपत नाही त्याने काय करावे? १९५६ पासून मद्रासला काही रोगी आरोग्यधामात आणि काही आपापल्या कोंदट घरात ठेवून दोघांनाही सारखीच औषधे दिली. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना रोग अधिक लागला नाही. धोका होता तो औषध सुरू होण्यापूर्वीच्या दिवसांत. औषध नीट चालू झाले की थोड्याच आठवड्यांत रोग्याचा उपद्रव ओसरतो आणि डॉक्टरांनी सांगितले की मूल वर्गात येऊ शकते. भीती बाळगायचीच तर निदान न झालेल्या खोकल्याची बाळगावी.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे तपासणीसाठी आरोग्यसेविका आल्या. मुलांना रांगेत उभे करू लागल्या तेव्हा मी म्हटले, "ताई, आधी शिक्षकांच्या खोलीपासून सुरुवात करा. आम्ही दिवसातले पाच तास यांच्या तोंडासमोर बोलत असतो." त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग थुंकीच्या डब्यांची पिशवी उचलून म्हणाल्या, "चला. आणि सर, कोण कोणत्या वर्गावर किती तास असतं, तेही लिहून द्या."

वेळापत्रक भिंतीवर होतेच. खिळ्यासकट काढून मी त्यांच्या हातात दिले.