माकडतापाचे गोत्र

डॉ. सलीम अलींच्या देखरेखीखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने स्थलांतरी पक्ष्यांच्या पायांत धातूची कडी चढविण्याचे जे विशाल कार्य आरंभिले, त्याचा उगम पक्षिप्रेमाइतकाच शिमोगा जिल्ह्यातील मृत वानरांत होता, हे उमगल्यापासून या कुळकथेने माझा पिच्छा सोडलेला नाही.

१९५७ साली सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या रानात वानरे व माकडे पटापट मरू लागली आणि लगतच्या गावांत माणसे तापाने फणफणली, तेव्हा पहिला संशय पीतज्वरावर गेला. त्याचा वाहक डास येथे मुबलक आणि रोग मात्र या देशात कधीच न आलेला, म्हणून धास्ती रास्तच होती. परंतु पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात टेलफर्ड वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू वेगळा करून त्याला रक्तजलाच्या कसोट्या लावल्या, तेव्हा निष्पन्न झाले ते विलक्षणच: हा गोचिडीवाटे पसरणारा, रशियातील मेंदूज्वराचा आणि ओम्स्कच्या रक्तस्रावी ज्वराचा भाऊबंद!

सैबेरियाचे गोत्र सह्याद्रीच्या रानात कसे आले, या प्रश्नाला हिवाळी पाहुण्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडी हे उत्तर सुचले, आणि तेथूनच कड्यांची मोहीम निघाली. तीतून पक्ष्यांच्या वाटांचे बहुमोल दप्तर सिद्ध झाले. विषाणू सैबेरियातून त्यांनीच आणल्याचा निर्णायक दाखला मात्र हाती आला नाही.

माझा कौल प्रतिपक्षाला आहे. हा विषाणू येथलाच जुना वतनदार असावा. जंगलतोड झाली, गुरे रानात खोलवर चरू लागली, गोचिडींना नवे यजमान लाभले, आणि मग त्याचे अस्तित्व वानरांच्या मृत्यूने उघड झाले, इतकेच. पुढे गोव्यातील सत्तरीत आणि सिंधुदुर्गातील दोडामार्गाकडे माकडताप प्रकटला, तोही याच डोंगररांगेच्या आश्रयाने.

प्रतिपक्षाची खरी अडचण अरबस्तानात आहे. १९९० नंतरच्या दशकात जेद्द्याकडे, मेंढ्या व उंटांशी संबंध आलेल्या रोग्यांत, सापडलेला अलखुर्मा विषाणू क्यासनूरच्या विषाणूचा अगदी निकटचा आप्त ठरला, आणि पक्ष्यांचे कैवारी पुन्हा पुढे सरसावले. पण जनुकीय अंतरावरून या दोघांची फारकत शेकडो वर्षांपूर्वीची दिसते. त्या शतकांत अरबी घोडे गलबतांतून कोकण-मलबारच्या बंदरांत उतरत होते, आणि घोड्याच्या कातडीला चिकटलेल्या गोचिडीची नोंद कोणत्याही जकात खात्याने ठेवली नसली, तरी मी तिचाच माग काढीन.