कथाकथन आणि आपण

श्रावणात हातात अक्षता घेऊन आपण कहाणी ऐकतो. ती केवढीशी! नैवेद्य निवायच्या आत राजा, नावडती राणी, दैन्य, सुख सारे आटोपते. सांगणारी घरातलीच कुणी बाई; तिला लेखिका मात्र कोणी म्हटले नाही.

१९६० च्या दशकात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील व द. मा. मिरासदार या त्रयीने कथाकथन व्यासपीठावर गाजविले. तिघेही आपापल्या कथा सांगत आणि एकमेकांच्याही ऐकत. पाटलांची ‘धिंड’, मिरासदारांची ‘माझ्या बापाची पेंड’ अक्षरओळख नसलेल्यालाही कळली. मी सातवीपर्यंतच शिकलेली. मला याचे मोल फार वाटते. पाटील १९९४ मध्ये, माडगूळकर २००१ मध्ये व मिरासदार २०२१ मध्ये निवर्तले.

त्रयीत बाई नव्हती. पुढे गिरिजा कीर यांनी गावोगाव कथाकथन केले. त्या २०१९ मध्ये गेल्या. बायकांचे सांगणे माजघरातून व्यासपीठावर आले ते अशा लेखिकांमुळे.

आपल्या मंडळात भजन होते, पाककृती होतात. महिन्यातून अर्धा तास कथेला द्यावा. कथा स्वतःची असावी, पाच मिनिटांची, आणि कागद न पाहता सांगावी. भगिनींनो, पहिले नाव माझे लिहून घ्यावे.