केसांनी दिलेली साक्ष

मी मूळचा नागापूरचा, म्हणजे नगरच्या (आता अहिल्यानगर म्हणायचं!) एमआयडीसीजवळचा. कारखान्यांच्या शेजारी वाढलेल्या माणसाला 'आपल्या अंगात काय काय साठलं असेल?' हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. हल्ली त्याचं उत्तर विकत मिळतं. चिमूटभर केस पाकिटात घालून लॅबला पाठवा, शिसं-पाऱ्यापासून झिंक-सेलेनियमपर्यंत सगळ्याचा रंगीत रिपोर्ट मेलवर हजर. ऑफिसात दोघातिघांनी हा उद्योग केला आणि मला या तपासणीचा इतिहास खणायची हुक्की आली.

आधी तत्त्व. केस मुळाशी तयार होताना रक्तातून जे येईल त्यातलं थोडं केसात अडकतं. केसात गंधक भरपूर, आणि पारा, आर्सेनिक वगैरे मंडळींना गंधकाची भारी ओढ. केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतो. म्हणजे आमच्या भाषेत ही लॉग फाईलच की! रक्त आजचं सांगतं, केस मागच्या कित्येक महिन्यांचं.

१९७१-७२ मध्ये इराकमध्ये हे फार कामाला आलं. पाऱ्याचं औषध चोळलेला बियाण्याचा गहू लोकांनी दळून खाल्ला. ६,५३० माणसं दवाखान्यात दाखल झाली, त्यातली ४५९ दगावली. संशोधकांनी नंतर बायकांचे लांब केस तुकड्यातुकड्यांनी तपासले आणि गरोदरपणाच्या कुठल्या काळात आईच्या अंगात किती पारा होता, ते वाचून काढलं.

आता आपल्याकडे या. डिसेंबर २०२४-जानेवारी २०२५, बुलढाणा जिल्हा, शेगाव तालुका. बोंडगाव, कालवड आणि आजूबाजूच्या गावांत लोकांचे केस अचानक झडायला लागले. चार-आठ दिवसांत टक्कल! १८ गावांत २७९ जण. आधी संशय बुरशीवर, मग पाण्यावर. 'टक्कल व्हायरस' असं नावही पडलं. ठरलेली लग्नं मोडल्याच्या बातम्या आल्या. विचार करा, आजार काय ते माहीत नाही आणि शेजारचं गाव तुमच्याकडे संशयाने बघतंय.

आयसीएमआरची पथकं आली. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतः नमुने घेतले. त्यांना सेलेनियम रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत तब्बल १५० पट जास्त आढळलं. शिवाय झिंक कमी. त्यांनी बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हाकडे. त्यातही सेलेनियम प्रचंड निघालं.

गंमत (खरं तर गंमत कसली!) अशी की सेलेनियम शरीराला हवंच असतं. ते कमी पडल्यामुळे चीनमध्ये हृदयाचा केशान आजार झाला, आणि त्याच चीनच्या एन्शी भागात १९६० च्या दशकात ते जास्त झाल्याने लोकांचे केस आणि नखं गळाली.

मग आपणही केस पाठवायचे का? थांबा. नेपोलियनच्या केसांत १९६१ मध्ये आर्सेनिक सापडलं आणि 'विषप्रयोग!' अशी बोंब झाली. २००८ मध्ये इटलीतल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या लहानपणाचे केस तपासले, त्याच्या मुलाचे आणि बायको जोसेफिनचेही. सगळ्यांत आर्सेनिक आजच्या मानाने भरपूर! तेव्हा ते सगळ्यांच्याच आसपास होतं. तुलना केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

दुसरी अडचण बाहेरून चिकटणाऱ्या गोष्टींची. कोंड्याच्या काही शाम्पूंत सेलेनियम सल्फाइड असतं. ते वापरून केस पाठवलेत तर रिपोर्ट तुमच्या शाम्पूचा येतो, तुमचा नाही. आणि तिसरी, खुद्द लॅबची. अमेरिकेत एकाच निरोगी व्यक्तीचे केस सहा लॅबना पाठवले. २००१ मध्ये निकाल छापून आले, तर बारा खनिजांचे आकडे लॅबगणिक दहा पटींहून जास्त वेगळे!

बुलढाण्यात केसांवर विश्वास बसतो, कारण ते एकटे बोलत नव्हते. रक्त, लघवी आणि गहू तेच सांगत होते, आणि समोर खरा आजार होता. आमचंही तसंच असतं ना, एका लॉगवरून कोणी बग ठरवत नाही. ज्याला काहीच त्रास नाही त्याने हजारो रुपये मोजून रंगीत तक्ता मागवला, तर त्यातून बहुधा नवी काळजी आणि सप्लिमेंटच्या बाटल्याच निघायच्या. त्या सप्लिमेंटमध्ये सेलेनियमही असतं बरं का!

खरंच शंका असेल, कामावर शिशाशी संबंध येत असेल, तर सरळ डॉक्टरांकडे जा. शिशासाठी रक्ताची तपासणीच खात्रीची.