विमानातलं वजन : विसाचे पंधरा किलो कसे झाले?

मंडळी, लग्नसराई आणि सुट्ट्या आल्या की ओळखीपाळखीच्या लोकांचे मला फोन सुरू होतात. प्रश्न एकच, "साहेब, विमानात बॅग किती किलोची चालते?" जालन्यात विमानतळ नाही, तरी हा प्रश्न आता आपल्याकडं घरोघरचा झालाय. कुणाचा पोरगा बेंगळुरूला, कुणाची लेक अमेरिकेत. देशातल्या नेहमीच्या स्वस्त तिकिटावर साधारण १५ किलोची बॅग आणि हातात ७ किलो, हे झालं उत्तर. पण हे १५ आले कुठून, ते बघण्यासारखं आहे.

सुरुवात टपालापासून झाली. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला छोटं विमान आणलं. त्यात प्रवासी नव्हते, २५ किलो टपाल होतं. त्या काळच्या विमानांना एकेका किलोचा हिशेब ठेवावा लागायचा. परदेशात तर बॅगेबरोबर प्रवाशालाही काट्यावर उभं करत. म्हणजे वजनाची मर्यादा आली ती जिवाच्या काळजीपोटी.

ही काळजी किती खरी, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. २६ एप्रिल १९९३. दुपारी एकच्या सुमारास इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ चिकलठाण्याहून मुंबईकडं निघालं. आत ११८ माणसं, विमान भरलेलं, वर एप्रिलचं ऊन. धावपट्टी संपता संपता ते उचललं आणि बीड रोडवरून चाललेल्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. ५५ जण गेले. चौकशीत दोष वजनावर आला नाही. वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं आणि रस्त्यावरची वाहतूक थांबवली गेली नाही, ही कारणं निघाली. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. उन्हानं हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि जड विमानाला धावपट्टी जास्त लागते. त्यामुळं बॅगा काट्यावर ठेवायलाच हव्यात, याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण वजन मोजणं वेगळं आणि त्याचे पैसे लावणं वेगळं. आपली गल्लत तिथंच होते.

आपल्याकडं देशांतर्गत प्रवासाला अनेक वर्षं २० किलो सामान फुकट नेता यायचं. तिकडं युरोपात २००६ च्या आसपास स्वस्त कंपन्यांनी बॅगेचे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली. २००८ मध्ये तेल भडकलं आणि अमेरिकन एअरलाइन्सनं पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले. बाकीच्या बऱ्याच कंपन्या मागोमाग गेल्या. पुढं तेल उतरलं, पण बॅगेचे पैसे काही उतरले नाहीत.

२०१३ मध्ये आपल्या सरकारनं विमान कंपन्यांना सामान, आवडीची सीट अशा सेवांचे वेगळे पैसे घ्यायला मोकळीक दिली. त्याच वर्षी खासगी कंपन्यांचे २० किलो १५ वर आले. जास्तीच्या किलोला साधारण ३०० रुपये पडायचे. आरडाओरड झाली तेव्हा २०१६ मध्ये डीजीसीएनं १५ ते २० किलोपर्यंतच्या वजनाला किलोमागं १०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. कंपन्या कोर्टात गेल्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. २०२१ मध्ये बॅगच नसेल तर तिकीट स्वस्त, अशीही मुभा आली.

राहिली एअर इंडिया. सरकारी असताना ती २५ किलो नेऊ द्यायची. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटांकडं परत गेली, २५ चे २० झाले आणि मे २०२४ पासून तिच्या स्वस्त तिकिटांवर १५. टाटांचं पहिलं विमान २५ किलो टपाल घेऊन आलं होतं, हे आठवून गंमत वाटते.

कंपन्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. जड विमानाला इंधन जास्त लागतं. एकट्या पिशवीवर जाणाऱ्यानं दुसऱ्याच्या बॅगेचा खर्च का सोसावा? पण पैसे भरले की तोच सोळावा किलो त्याच विमानात आरामात बसतो. मग ही मर्यादा विमानाची की तिकिटाची? एका बॅगेला ३२ किलोच्या वर न घेणं समजतं, ती उचलणाऱ्या हमालाच्या पाठीचा प्रश्न आहे. पंधराचं तसं नाही, तो व्यापार आहे. व्यापार करा, पण दर तिकिटावर ठळक छापा, मराठीतही छापा. काउंटरवर उभ्या माणसाला दुसरा पर्याय नसतो. आळीव-डिंकाचे लाडू, मेतकूट, लोणच्याची बरणी लोकांसमोर बॅगेतून काढताना म्हाताऱ्या आईबापाचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलंय.

आता कामाचं. बॅग घरीच मोजा, काटा नसेल तर किराणा दुकानात न्या. वजन जास्त भरणार असेल तर आधीच ऑनलाइन पैसे भरा, बहुधा स्वस्त पडतं. अमेरिकेच्या तिकिटावर अनेकदा २३-२३ किलोच्या दोन बॅगा चालतात, पण संभाजीनगर-मुंबईचं तिकीट वेगळं काढलं तर त्या टप्प्याला १५ चाच नियम लागू शकतो. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या, नाहीतर सरळ रेल्वेनं मुंबई गाठा. ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून वंदे भारत सुरू झाली, तिच्या चेअर कारमध्ये ४० किलो सामान फुकट नेता येतं.

तुम्हाला काउंटरवर किती भरावे लागले, कमेंटमध्ये लिहा. आणि कुणाचे आईवडील पहिल्यांदा विमानात बसणार असतील, तर हे त्यांना वाचून दाखवा.