सोंगाड्या आणि यंत्रमानव

मार्गशीर्ष महिन्यांत नांदेड जिल्ह्यांतील लोहा तालुक्यांत माळेगांव येथें खंडोबाची यात्रा भरते. एकीकडे जनावरांचा बाजार, तर दुसरीकडे तमाशाचे तंबू. लातूर-अहमदपुराकडून आलेला शेतकरी दिवसा घोडा पारखतो व रात्रीं तंबूंत जाऊन बसतो. गण आटोपतो, गौळण सुरू होते, आणि मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणींची वाट अडविण्यास कृष्णाच्या संगतीनें पेंद्या येतो. पेंद्या लंगडा, बोबडा आणि भित्रा. त्याच्या पुढें उभी राहते ती पुरुषानेंच सोंग घेतलेली तोंडाळ मावशी. दोघांचा मेळ कशांतच बसत नाहीं, आणि तंबू हंशानें दुमदुमतो तो त्यामुळेंच.

अशीच एक विजोड जोडी २५ मे १९७७ रोजीं अमेरिकेंत रुपेरी पडद्यावर आली. जॉर्ज लुकास यांच्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटांतील हे दोन यंत्रमानव. सी-थ्री-पीओ हा उंच, सोनेरी, मनुष्याकृति. साठ लक्षांहून अधिक भाषांचा जाणकार, परंतु पाऊल टाकण्यापूर्वींच संकट दिसणारा. आर-टू-डी-टू हा कमरेइतका उंच, पिंपासारखा गोल. त्याला मनुष्यवाणीचा एक शब्द येत नाहीं, केवळ शिट्या आणि चिवचिवाट. परंतु धैर्य मात्र त्याच्याच ठायीं. सोनेरी कवचांत मूकाभिनयाचें शिक्षण घेतलेले अँथनी डॅनियल्स होते, आणि पिंपांत अवघे तीन फूट आठ इंच उंचीचे केनी बेकर. शिट्यांची भाषा बेन बर्ट यांनीं विद्युत्-वाद्याचे स्वर व स्वतःच्या तोंडचे आवाज यांच्या मिश्रणांतून घडविली.

ही जोडी लुकास यांना सुचली ती जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या १९५८ सालच्या चित्रपटावरून. 'द हिडन फोर्ट्रेस' या इंग्रजी नांवानें तो जगास परिचित आहे. त्यांत ताहेई व मताशिची हे दोन दरिद्री शेतकरी लढाईंत कांहीं लाभ होईल या आशेनें घर सोडतात, सर्वस्व गमावतात, आणि एकमेकांस शिव्या देत वाट चालतात. बरोबर चाललेली मुलगी राजकन्या आहे हें त्यांना ठाऊक नसतें. थोरामोठ्यांचें युद्ध या दोन क्षुद्र जीवांच्या डोळ्यांनीं प्रेक्षकास दाखवावें, ही कुरोसावांची युक्ति लुकास यांनीं उचलली. तिकडे सोन्याच्या लोभानें भांडणारे शेतकरी. इकडे राजकन्येचा निरोप पोटांत घेऊन निघालेला लहानगा यंत्रमानव, आणि त्याच्या नांवानें खडे फोडीत मागोमाग जाणारा त्याचा सोबती.

युक्ति नवी नव्हती. दुष्यंताच्या शिकारीपायीं हाडें खिळखिळीं झाल्याची तक्रार करणारा विदूषक कालिदासाच्या 'शाकुंतला'त आहेच. राजाचा पराक्रम दुरून सर्वांस दिसतो. त्या पराक्रमापायीं झालेले हाल सेवकच सांगूं शकतो.

परंतु या विनोदाच्या तळाशीं एक कठोर गोष्ट आहे. 'रोबोट' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकांतून जगभर गेला. तो ज्या 'रोबोटा' शब्दावरून घेतला, त्याचा अर्थ वेठ. मराठवाड्यांत निजामी राजवट होती तोंपर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत, हा अर्थ कोणास समजावून सांगावा लागला नसता. 'स्टार वॉर्स'मधील दोघेहि वेठीचेच धनी आहेत. त्यांना बाजारांतल्या जनावरांप्रमाणें पारखून विकत घेतलें जातें. गुत्त्याचा मालक त्यांना दारांतूनच परत पाठवितो. अखेरच्या सोहळ्यांत राजकन्येच्या हातून पदकें मिळतात तीं माणसांना. शत्रूच्या दुर्गाचा नकाशा ज्यानें जपून आणला, तो यंत्रमानव, लढाईंतल्या जखमा दुरुस्त होऊन, घांसूनपुसून बाजूस उभा असतो.

येथेंच माळेगांवच्या तंबूची आठवण होते. तमाशाचे कलावंत प्रामुख्यानें महार, मातंग, कोल्हाटी या समाजांतून आले. ज्यांच्या माथीं गांवानें पिढ्यान्‌पिढ्या वेठ मारली, त्यांच्यांतलाच सोंगाड्या रात्रीं बोर्डावर चढून राजाला वेड्यांत काढी, कोतवालाची फजिती करी, प्रत्यक्ष देवाशींहि हुज्जत घाली. आणि पुढें बसलेल्या पाटलासहि हंसावें लागे. दिवस उजाडला कीं पाटील पुन्हां पाटील, आणि सोंगाड्या पुन्हां गांवकुसाबाहेर. १९७६ सालीं भारतांत वेठबिगारी कायद्यानें रद्द झाली. पुढच्याच वर्षीं हे दोन यंत्रमानव पडद्यावर आले.

या दोन घटनांचा परस्परांशीं संबंध नाहीं. तरीहि जोड्यांचा विचार करतांना त्या शेजारीं ठेवाव्याशा वाटतात. यंत्रमानवाच्या तोंडचे शब्द दुसऱ्यानें लिहून दिलेले असतात, आणि विनोद झाला तरी त्याची पायरी तो ओलांडीत नाहीं. बतावणींतील सोंगाड्याचे शब्द बहुधा त्याच रात्रीं, त्याच्याच जिभेवर जन्म घेत. सेवकाच्या डोळ्यांनीं गोष्ट सांगणें ही कला दोन्हींकडे आहे; परंतु स्वतः सेवकानें ती सांगणें, हें माळेगांवच्या तंबूचें वैभव होय.